दैव पाचवे

ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो आणि पौषातील थंडी प्रवरेच्या काठावर सकाळी उशिरापर्यंत उठत नाही, त्या दिवसांत नगर जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात गेले तर बालरोग विभागाच्या बाहेर भिंतीला पाठ टेकून बसलेल्या माणसांत एखादी म्हातारी आढळतेच. आत तिचे नातवंड प्राणवायूच्या नळीला लावलेले असते, 'पोट उडतंय' म्हणून रातोरात मिळेल त्या वाहनाने त्याला आणलेले असते, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला दोनच प्रश्न विचारते. पहिला, 'बरं होईल ना?' आणि दुसरा, 'कशानं झालं हो?' पहिल्याला वैद्यक आपल्या परीने उत्तर देते. दुसऱ्याला बहुधा कोणीच देत नाही, आणि थोडा वेळ वाट पाहून ती स्वतःच आपली समजूत घालते, की नशिबात होतं. या दुसऱ्या प्रश्नाविषयी मला काही लिहावयाचे आहे. ज्या प्रश्नासाठी आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके वाद घातले तो कारणत्वाचा प्रश्नच ही म्हातारी आपल्या भाषेत विचारीत असते. आणि अलीकडे असे एक यंत्र निघाले आहे की जे या प्रश्नाचे उत्तर तासाभरात हाती ठेवू पाहते.

न्यूमोनिया हे नाव अवस्थेचे आहे, कारणाचे नव्हे. फुप्फुसातील ज्या सूक्ष्म कोशांत हवा खेळावयाची त्यांत पू आणि द्रव भरला म्हणजे तो न्यूमोनिया. मग तो न्यूमोकोकसने भरला असो, क्लेब्सिएल्लाने भरला असो, स्टॅफिलोकोकसने किंवा एखाद्या विषाणूने भरला असो. छातीवर नळी ठेवून ऐकू येणारा आवाज या सर्वांत सारखाच, क्ष-किरणांच्या चित्रातील पांढरी छायाही जवळजवळ सारखीच. एवढ्या आरोपींतून नेमका एक निवडावयाचा तर आजवरचा शिरस्ता असा, की रुग्णाचा बेडका किंवा रक्त प्रयोगशाळेत न्यावयाचे, पोषकद्रव्याच्या बशीत जंतू वाढू द्यावयाचे आणि मग त्यांची जात व कोणत्या औषधाने ते मरतात हे पाहावयाचे. या कामास दोन-तीन दिवस लागतात, आणि ज्या मुलाचे पोट उडते आहे ते दोन-तीन दिवस थांबू शकत नाही. सबब चिकित्सक अनुमानाने औषध सुरू करतो, आणि ते अनुमान चुकू नये म्हणून शक्य तितके व्यापक औषध सुरू करतो.

नव्या चाचणीत जंतू वाढण्याची वाट पाहावी लागत नाही. जंतूच्या पेशीत त्याच्या कुळाचा जो दस्तऐवज असतो, ज्याला आपण डीएनए म्हणतो, त्यातील त्या जंतूलाच विशिष्ट असा एक मजकूर हेरून त्याच्या प्रती काढल्या जातात. एकाच्या दोन, दोनाच्या चार अशी ही दुपटीची रीत तीस वेळा चालली म्हणजे एका प्रतीच्या १०७ कोटींहून अधिक प्रती होतात, आणि जे डोळ्यांना व सूक्ष्मदर्शकालाही दुर्लभ होते ते प्रकाशाच्या खुणेने दिसू लागते. ही रीत कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचली. ती सुलभ झाली ती यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जीवाणूमुळे, कारण प्रत्येक फेरीत नमुना जवळजवळ उकळीपर्यंत तापवावा लागतो आणि त्या जीवाणूचे प्रती काढणारे द्रव्य त्या तापातही नासत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या अशा एका संचात पंधरा जंतूंची अंदाजी संख्येसह, आणखी तीन जंतूंची व आठ विषाणूंची केवळ असण्या-नसण्याची, आणि औषधांना दाद न देण्याचा गुण देणाऱ्या सात जनुकांची अशी तपासणी एका कुपीत सुमारे तासाभरात होते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत असे संच आले आहेत. आणि त्याच कुळातील यंत्रे, क्षयरोगासाठी असलेली, आपल्या जिल्ह्यांच्या सरकारी दवाखान्यांत गेली कित्येक वर्षे थुंकी तपासून दोन तासांत दाखला देत आहेत. गोव्यात तयार होणारे 'ट्रूनॅट' तर विद्युद्घटावर चालते, म्हणून ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचू शकले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. डीएनए हाच आनुवंशिकतेचा दस्तऐवज आहे हे माणसाला शिकविले कोणी, तर न्यूमोनियाच्याच जंतूने. १९२८ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांना असे आढळले, की निरुपद्रवी न्यूमोकोकसच्या सान्निध्यात घातक न्यूमोकोकसची मेलेली कलेवरे ठेवली असता निरुपद्रवी जंतूही घातक बनतो, आणि तो गुण त्याच्या संततीत उतरतो. मेलेल्याने जिवंताला काय दिले, याचा शोध न्यूयॉर्कच्या ऑस्वल्ड एव्हरी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे घेतला आणि १९४४ मध्ये ते द्रव्य डीएनए असल्याचे प्रसिद्ध केले. ज्या जंतूला ओळखण्यासाठी आज आपण त्याचा दस्तऐवज वाचतो, त्यानेच तो दस्तऐवज कोठे असतो हे प्रथम दाखविले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. समजा, यंत्राने सांगितले की या मुलाच्या नमुन्यात न्यूमोकोकस आहे. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले काय?

फौजदारी न्यायात एखादा इसम घटनास्थळी सापडला एवढ्यावरून त्याच्यावर गुन्हा शाबीत होत नाही. पंचनाम्यात त्याचे नाव येते, निवाडा पुढे व्हावयाचा असतो. न्यूमोकोकसची गोष्ट तशीच आहे. तो धडधाकट, खेळत्या-बागडत्या मुलांच्या नाका-घशातही बिनतक्रार नांदत असतो. लहान मुलाला बेडका काढून देता येत नाही, ते तो गिळून टाकते. म्हणून नमुना बहुधा नाका-घशातून घ्यावा लागतो, आणि नाका-घशात कोण राहतो एवढ्यावरून फुप्फुसात कोणी घात केला हे कळत नाही. शिवाय हे यंत्र जिवंत जंतू आणि मेलेला जंतू यांत भेद करीत नाही. दस्तऐवज सापडला की त्याचे समाधान होते, मग लिहिणारा हयात असो वा नसो.

असणे आणि कारण असणे यांतील हा भेद आपल्या नैयायिकांनी फार बारकाईने पाहिला होता. कार्याच्या आधी नियमाने असते ते कारण, असे म्हटले की लगेच शंका येते: घट होण्यापूर्वी कुंभाराचा बाप तर होताच, आकाश तर होतेच, आणि ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली तेही दाराशी उभे होते, मग ही सारी घटाची कारणे मानावयाची काय? विश्वनाथ पंचाननांनी 'कारिकावली'त अशा उपस्थितांना 'अन्यथासिद्ध' म्हणून पाच प्रकारांत वेगळे काढले आहे, आणि त्यांत हे गाढवही आहे. ते तेथे असते, पण त्याच्यावाचूनही घट झालाच असता. रुग्णालयात यंत्राची पट्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरापुढे नेमका हाच प्रश्न असतो, की ही जी तीन नावे यंत्राने छापून दिली आहेत त्यांतील कुंभार कोणता आणि गाढव कोणते. नव्यन्यायाची परिभाषा त्याला ठाऊक नसेल. तरी मुलाचा ताप, श्वासाची गती, क्ष-किरणांचे चित्र आणि जंतूंची संख्या ही सारी एकत्र मांडून तो जो विचार करतो तो न्यायशास्त्राचाच विचार होय, आणि यंत्राने तो त्याच्या वतीने केलेला नसतो.

हा भेद विसरल्याने काय होते याचे एक स्मारकच त्या यंत्राच्या यादीत कोरलेले आहे. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांना इन्फ्लुएन्झाच्या रुग्णांच्या कफात एक जंतू वारंवार सापडला आणि तोच त्या रोगाचे कारण होय असे त्यांनी जाहीर केले. १९१८ च्या शरदात मुंबई इलाख्यात ती साथ गावेच्या गावे ओस पाडीत असता जगभरचे वैद्य त्याच जंतूवर रोख धरून होते. इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो हे १९३३ मध्ये मानवी विषाणू हाती लागल्यावर निश्चित झाले. परंतु तोवर जंतूचे बारसे होऊन गेले होते, आणि आजही तो हिमोफिलस इन्फ्लुएन्झी या, जे त्याने केलेच नाही त्या गुन्ह्याच्या नावाने ओळखला जातो. मात्र तो अगदी निर्दोषही नाही. १९१८ मधील मृत्यूंचा नंतर जो अभ्यास झाला त्यात दिसून आले, की विषाणूने फुप्फुसाची तटबंदी पाडली आणि मागाहून शिरलेल्या न्यूमोकोकससारख्या जंतूंनी, त्यांत या फायफरच्या जंतूनेही, बहुतेकांचे प्राण घेतले. कारणाच्या साखळीत फायफर यांनी एका कडीला पहिली कडी मानले, एवढीच त्यांची चूक; आणि ती चूक आपणही रोज करतो.

नगरहून ईशान्येस प्रवरेच्या काठी नेवासे आहे. तेथील मंदिरात तो खांब अजून उभा आहे, ज्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील आपली टीका सांगितली असे मानतात. त्या टीकेच्या अठराव्या अध्यायात, मूळ गीतेला अनुसरून, कोणत्याही कर्माच्या सिद्धीला लागणाऱ्या पाच कारणांचे सविस्तर विवरण आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि दैव. गीतेत हा विचार कर्तेपणाचा अहंकार सुटावा म्हणून आला आहे, रोगाची मीमांसा करावी म्हणून नव्हे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही त्या खांबापुढे उभे राहिले असता मला नेहमी वाटत आले, की म्हातारीच्या प्रश्नाला याहून प्रामाणिक चौकट दुसरी मिळणार नाही.

ती चौकट लावून पाहू. पाथर्डी किंवा जामखेड तालुक्यातील एखादे जोडपे मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास घर सोडते आणि कारखान्याच्या तळावर कोपी घालून राहते. बरोबर वर्षाचे मूल असते. त्याचे शरीर हे अधिष्ठान. ते जन्मतःच वजनाने कमी असेल, अंगावरचे दूध लवकर तुटले असेल, तर अधिष्ठानच कच्चे. त्यावर येणारा जंतू हा कर्ता म्हणू. करण म्हणजे साधन; ते साधन चुलीचा धूर पुरवितो, कारण कोपीला स्वयंपाकघर वेगळे नसते, सारी कोपीच स्वयंपाकघर असते, आणि धुराने श्वासनलिकेची आपली राखण दुबळी होते हे सुस्थापित आहे. नैयायिकांना पर्वतावरील धूर पाहून अग्नीचे अनुमान करावयाचे असे, आणि त्यासाठी ते स्वयंपाकघराचा दृष्टांत देत. येथे तोच स्वयंपाकघरातला धूर लिंग, म्हणजे खूण, न राहता स्वतःच कारण बनला आहे. मग चेष्टा: गाव सोडल्यामुळे लसीची तारीख हुकणे, पहाटे तीन वाजता मुलाला उघड्यावर फडात नेणे, धाप लागल्यावरही खाडा पडेल म्हणून दवाखान्याला एक दिवस उशीर होणे. न्यूमोकोकसवरील लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर सरकारी लसीकरणात आली आहे, ती विनामूल्य आहे. पण ज्या दिवशी ती गावात टोचली जाते त्या दिवशी हे मूल गावात नसते. एवढे सगळे मोजून झाल्यावर दैव येते, आणि गीतेने त्याचा क्रमांकही स्पष्ट सांगितला आहे. ते पाचवे आहे.

आपण त्याला पहिले करून टाकले. म्हातारीने केले याबद्दल मी तिला बोल लावणार नाही, कारण उरलेल्या चारांपैकी एकही तिच्या हातात नव्हते, आणि जे सोसावयाचेच आहे त्याला नाव देऊन सोसणे हा तिचा धर्म तिने पाळला आहे. पण ज्यांच्या हाती ती चार कारणे आहेत त्यांनी दैवाचे नाव उच्चारणे हा मला अधर्म वाटतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेशाने गुरूला विचारले आहे, की आयुष्य नियत आहे की अनियत. आत्रेयांनी उत्तर देताना दैव आणि पुरुषकार दोन्ही मानले आणि गाडीच्या आसाचा दृष्टांत दिला: चांगला आस नीट वापरला तर आपल्या काळाने झिजून संपतो, तोच आस भार फार झाल्याने, वाट वाईट असल्याने, वंगण न मिळाल्याने अवेळी मोडतो. हा दृष्टांत मी प्रथम वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पुराणकालीन रथ आला नाही. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या भाराने एका अंगाला कललेली बैलगाडी आली. त्या गाडीचा आस मोडला तर गाडीवान ते गाडीचे प्रारब्ध म्हणून सोडून देत नाही.

चार कारणे हाती घेतली म्हणजे काय घडते हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबेल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आले, तेव्हा त्या दुष्काळी टापूत हजार जन्मांमागे सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. त्यांनी यंत्रे आणण्यापूर्वी गावोगावच्या स्त्रिया निवडल्या, ज्यांतील कित्येक निरक्षर आणि दलित होत्या, आणि त्यांना आरोग्यसेविका केले. दोन दशकांत ते प्रमाण पन्नाशीच्या खाली उतरले. तिकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी न्यूमोनियाचाच प्रश्न हाती घेतला. मुलाचा श्वास मिनिटभर मोजावयाचा; दोन महिन्यांच्या आतील बाळाला साठ, वर्षाच्या आत पन्नास, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस, ही मर्यादा गाठली गेली तर न्यूमोनिया समजून औषध द्यावयाचे. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी सरकवावयाची पाटी आणि वाळूचे घड्याळ तयार केले. मुलाच्या छातीकडे टक लावून दर दहा श्वासांना एक मणी सरकविणारी ती बाई मला जप करणाऱ्या माणसासारखीच वाटते. तिचे सारे चित्त एका श्वासावर एकाग्र झालेले असते, आणि तो श्वास दुसऱ्याचा असतो. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या प्रयोगाचे फळ प्रसिद्ध झाले. बालमृत्यू खरोखरीच घटले होते. यात जंतूचे नाव कोणालाही कळले नव्हते.

मग नाव कळण्याची मातबरी ती काय, असे कोणी म्हणेल. मातबरी आहे, आणि ती धर्माच्या अंगाने आहे. नाव न कळता दिलेले औषध सगळ्या जंतूंवर पडते, मित्रांवरही पडते. जे त्यातून तगतात ते तगण्याची विद्या पुढच्या पिढीला, इतकेच नव्हे तर परक्या कुळालाही देतात, जसे ग्रिफिथ यांच्या मेलेल्या जंतूंनी दिले होते. अखेरच्या फळीतील औषधांनाही निष्प्रभ करणाऱ्या एका जनुकाला २००९ पासून आपल्या राजधानीचेच नाव जोडले गेले आहे, आणि त्या नव्या संचातील सातांपैकी एक जनुक तेच होय. म्हणजे आज या खाटेवरील मुलासाठी हात सैल सोडून दिलेले औषध उद्या दुसऱ्या एखाद्या मुलाच्या खाटेशी निकामी ठरू शकते. ते दुसरे मूल डॉक्टरला दिसत नाही, त्याची म्हातारी त्याला प्रश्न विचारीत नाही. समोरच्याचे कल्याण आणि न दिसणाऱ्याचे कल्याण यांत धर्मसंकट उभे राहते ते असे. जोवर नाव कळण्याचा उपाय नव्हता तोवर अज्ञान हा डॉक्टरचा जामीन होता. तासाभरात नाव कळू लागले की तो जामीन जातो. अनावश्यक औषध थांबविणे हीही मग एक कृती ठरते, आणि न थांबविणे हीही.

ही कृती सोपी नाही. ब्रिटनमधील चौदा रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत, रुग्णालयातच जडलेल्या न्यूमोनियाच्या पाचशेहून अधिक रुग्णांवर अशा संचाची परीक्षा झाली. ज्यांच्या बाबतीत यंत्राचा कौल घेतला त्यांना औषधे अधिक नेमकी दिली गेली, हे स्पष्ट दिसले. परंतु बरे होण्यात ते इतरांपेक्षा मागे पडले नाहीत असे मात्र सिद्ध करता आले नाही. हा निष्कर्ष वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. ज्ञान नेमके झाले की कल्याण आपोआप नेमके होईल, ही माझी जी भोळी श्रद्धा होती तिला त्याने धक्का दिला. त्या अतिदक्षता विभागांतील रुग्णांची गोष्ट वेगळी आणि कोपीतील मुलाची वेगळी, हे खरे. पण कर्त्याचे नाव कळले म्हणून अधिष्ठान बळकट होत नाही, एवढे तरी तेथेही दिसले. अशा संचातील एका कुपीला जे मोल पडते ते ऊसतोड करणाऱ्या एका जोडप्याची कित्येक दिवसांची मजुरी असते, आणि त्याच पैशात धूर बाहेर नेणाऱ्या किती चुली बसतील असा हिशेब माझ्या मनात येतो. तरी यंत्र नको असे मी म्हणणार नाही. गावातली आरोग्यसेविका श्वास मोजते आणि मूल नगरला पाठविते. ते पोहोचल्यावर, पहिले औषध फसल्यावर, तेथील डॉक्टरने अंधारात दुसरा बाण सोडावा आणि उजेड मुंबई-पुण्यालाच राहावा, ही वाटणी मला मान्य नाही.

नेवाशाची एक आख्यायिका सांगतात. ज्ञानेश्वर त्या गावी आले तेव्हा एका मृताजवळ त्याची स्त्री सती जाण्याच्या तयारीने उभी होती. ज्ञानेश्वरांनी तिला विचारले, याचे नाव काय? ती म्हणाली, सच्चिदानंद. सत्, चित् आणि आनंद यांना मरण कोठले, असे म्हणून त्यांनी त्या देहाला हात लावला आणि तो मनुष्य उठून बसला. तोच पुढे ज्ञानेश्वरीचा लेखनिक झाला. कथेतील चमत्कार ज्याचा त्याने मानावा. मला तिच्यात राहून राहून आठवतो तो प्रश्न. काय झाले, कशाने झाले, केव्हा झाले, यांपैकी काहीही न विचारता त्यांनी प्रथम पडलेल्या माणसाचे नाव विचारले होते.

त्या नव्या यंत्रात नमुना घालण्यापूर्वी कुपीला एक चिकटपट्टी लावावी लागते, आणि तिच्यावरील नोंद यंत्रात भरल्यावाचून तपासणी सुरू करता येत नाही. म्हणून परिचारिका हातात लेखणी घेऊन बाहेर येते, भिंतीशी बसलेल्या म्हातारीपाशी वाकते आणि विचारते, 'आजी, बाळाचं नाव काय?'